स्वप्नाली उटणं

शालन चौगुलेचं उटणं दुकानात जाण्याआधी वीस वर्षं एकाच पोरीसाठी बनत होतं. ती पोरगी म्हणजे तिची एकुलती एक लेक, स्वप्नाली.

शालन स्वतः गोरी. लग्न होऊन कळंब्यात आली तेव्हा गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या होत्या. नवरा आकाराम बिद्रीच्या साखर कारखान्यात टाइम ऑफिसला, रंगानं काळा, बोलायला कमी. पोरगी झाली ती बापावर गेली. बारशाला थोरली जाऊ पाळण्यात वाकून म्हणाली, "नाक-डोळं तरी तुझं घेतल्यात बाई." बायका हसल्या. शालनही हसली. पण त्याच आठवड्यात तिनं पोरीच्या अंगाला साय आणि बेसन चोळायला सुरुवात केली.

पुढं मसुरीची डाळ आली, संत्र्याची साल आली, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा. कुणी काही सांगितलं की ते आणायचं, सावलीत वाळवायचं, दळायचं आणि आकारामच्या वडिलांच्या जुन्या धोतरातून गाळायचं. दर रविवारी सकाळी न्हाणीत पोरीला पाटावर बसवून ती तासभर चोळायची. पोरगी पाच वर्षांची झाली, बारा वर्षांची झाली. रंग होता तसाच राहिला. उटणं मात्र दर वर्षी सुधारत गेलं. इतकं मऊ आणि वासाला इतकं चांगलं, की दिवाळीत गल्लीतल्या बायका वाटी घेऊन दारात यायला लागल्या.

धंदा करायचं डोक्यात आलं ते स्वप्नालीच्या. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करताना तिला आईच्या डब्यांत रस वाटायला लागला. शालन केसांचं तेलही करायची, माका, जास्वंद आणि कढीपत्ता खोबरेलात कढवून. पण ते दोन महिन्यांत खवट व्हायचं. स्वप्नालीनं कॉलेजमधून थर्मामीटर आणला, पाला आधी पूर्ण सुकवायला लावला, जाळ कमी ठेवायला लावला. तेल वर्षभर टिकायला लागलं. उटण्यात काय किती पडतं ते तिनं आईच्या मुठीवरून वजनकाट्यावर आणलं. आधी शालन चिडायची. "माझ्या हाताला कळतंय की." मग तिलाच पटलं.

पाकिटावर नाव काय टाकायचं असा प्रश्न आला तेव्हा आकाराम जेवत होता. ताटावरची मान वर न करता म्हणाला, "पोरीनं केलंय समदं. तिचंच टाका."

म्हणून 'स्वप्नाली उटणं'.

पहिलं प्रदर्शन दिवाळीच्या आधी, कोल्हापुरात, बचत गटांचं. माय-लेकी पहाटेच माल घेऊन गेल्या. दुपारपर्यंत पाच-सहा पाकिटं गेली असतील. मग दोन बायका आल्या. चांगल्या घरच्या दिसत होत्या. एकीनं पाकीट उचललं, वास घेतला, मागचं सगळं वाचलं. पिशवी उघडता उघडता तिनं स्वप्नालीला विचारलं, "तू स्वतः वापरतेस हे?"

"हो. लहानपणापासून."

बाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग हातांकडं. पाकीट होतं तिथं ठेवलं. "मग राहू दे," म्हणाली. बोलण्यात खोच नव्हती. दुकानात माप बसलं नाही की माणूस म्हणतं, तसं म्हणाली. सोबतची बाई तोंडावर पदर घेऊन पुढच्या स्टॉलकडं वळली.

स्वप्नालीला हसू आलं. "आई, मी म्हणजे आपली उलटी जाहिरात हाय बघ."

शालन हसली नाही. दिवसभर ती गिऱ्हाइकाच्या नजरेकडं बघत राहिली. नजर आधी पाकिटावर, मग पोरीच्या तोंडावर, मग पुढच्या स्टॉलवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज तू घरीच थांब. पाकिटं कमी पडतील, भरून ठेव."

"पाकिटं लई हायत की आई."

"असूदेत. तरी थांब."

त्या दिवशी तिच्याबरोबर शिवानी गेली. शिवानी थोरल्या दिराची पोरगी, त्याच गल्लीत राहणारी, स्वप्नालीहून वर्षानं लहान. गोरीपान, बोलायला चटपटीत, आणि मनानं वाईट नव्हती. काकीनं बोलावलं, ती आली. संध्याकाळच्या आत सगळा माल संपला. गर्दीत एका बाईनं शिवानीला विचारलं, "तूच का गं स्वप्नाली?" शिवानीनं काकीकडं बघितलं. शालन पाकिटांच्या पिशवीला गाठ मारत होती. ती खाली बघूनच म्हणाली, "व्हय, हीच."

घरी आल्यावर शिवानीनंच ते हसत हसत सांगितलं. "समदी मला तुझ्या नावानं हाक मारायलीत!"

"मग परीक्षेला पण तूच जा," स्वप्नाली म्हणाली, आणि दोघी हसल्या. तेव्हा ते हसण्यावारीच गेलं.

दिवाळी झाल्यावर शिवानी म्हणाली, आता फोनवर व्हिडिओ टाकायला पाहिजेत, सगळी तेच करतात. गच्चीवर सुकत घातलेल्या माक्याशेजारी तिला उभं केलं. फोन स्वप्नालीनं धरला, कारण तिचा हात हलायचा नाही. शिवानीनं सुरुवात केली, "नमस्कार, मी शिवानी..."

"थांब," शालन म्हणाली. "पाकिटावर काय नाव हाय? तेच सांग. लोकांना दोन-दोन नावं कळत न्हाईत."

शिवानीनं स्वप्नालीकडं बघितलं. स्वप्नाली फोनच्या पडद्याकडं बघत होती. बटण दाबून ती म्हणाली, "बोल. चालू केलंय."

"नमस्कार, मी स्वप्नाली. हे उटणं माझ्या आईनं माझ्यासाठी बनवलंय. लहानपणापासून मी दुसरं काहीच लावलं नाही."

तो व्हिडिओ सांगली, सोलापूर, पुण्यापर्यंत गेला. ऑर्डरी यायला लागल्या. मागच्या खोलीतली कॉट काढून तिथं मांडणी ठोकली. पदवी हातात आली तरी स्वप्नालीनं नोकरी बघितली नाही, दिवसभर ती त्या खोलीत असायची. दळायची, गाळायची, मोजायची, तेल कढवायची. व्हिडिओत शिवानी असायची. गिऱ्हाईक घरी आलं की शालन आत डोकावून म्हणायची, "जरा दार लोटून घे गं, पीठ उडतंय." पीठ रोजच उडायचं. दार तेवढं गिऱ्हाईक आल्यावर लोटलं जायचं.

उन्हाळ्यात नवीन पाकीट छापायचं ठरलं. स्वप्नालीनं मजकूर लिहिला होता: त्वचा स्वच्छ आणि मऊ राहते. शालननं वाचून कागद परत दिला. "रंग उजळतो, असं घाल."

"रंग उजळत नाही, आई. मळ जातो."

"मळ गेला म्हणजे उजळलाच की."

"रंग कातडीच्या आत असतो. तिथंवर हे पोचत नाही. खोटं कशाला लिहायचं?"

"समदी लिहितात."

"मी नाही लिहिणार."

शालननं पुढं वाद घातला नाही. छापून आलेल्या पाकिटावर 'सात दिवसांत उजळ कांती' असं होतं, आणि त्याखाली शिवानीचा हसरा फोटो. फोटोखाली गुलाबी अक्षरांत नाव, स्वप्नाली. गठ्ठा सोडून स्वप्नालीनं वरचं पाकीट हातात घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. मग तराजू ओढून ती भरायला बसली.

तिला जे मोडून गेलं ते हे नव्हे. ते पुढं श्रावणात झालं.

गल्लीतली तानाबाई नातीसाठी उटणं न्यायला आली होती. ती या घराला ओळखणारी, तिच्यापुढं शिवानीला लेक म्हणून काढायची सोय नव्हती. बाहेरच्या सोप्यात बसून तानाबाई सरळच बोलली, "शालन, तुझ्या पोरीला न्हाय लागू पडलं, माझ्या नातीला काय पडणार गं?"

"तिचं नका सांगू," शालन म्हणाली. "तिचा बाप बघितलाय न्हवं तुम्ही? मुळातच जे काळं, त्याला उटणं तरी काय करणार. वीस वर्षं घासली मी तिला. हात दुखून यायचं माझं. शेवटी नाद सोडला. तुमची नात मुळात उजळ हाय, तिला पडंल फरक."

स्वप्नाली आतल्या खोलीत कापडातून उटणं गाळत होती. मधलं दार लोटलेलं होतं, पण कडी नव्हती. तानाबाई पाकीट घेऊन गेली. शालन आत आली तेव्हा पोरगी गाळतच होती.

बावीस वर्षांची झाली तरी रविवारी पाठ चोळून घ्यायला स्वप्नाली आईपुढं पाटावर बसायची. चेहरा-हात तिचे ती लावायची, पण पाठ आईची. त्या रविवारी शालननं पाणी काढलं, वाटीत उटणं कालवलं आणि हाक मारली. स्वप्नाली ओले केस पुसत बाहेर आली.

"मी न्हाले, आई."

"पाठ?"

"झाली."

शालनला नवल वाटलं, पण कामाच्या गडबडीत ती ते विसरली. पुढच्या रविवारीही तसंच झालं. मग तिनं वाटी कालवणं सोडून दिलं.

नवरात्राच्या आधी एका वर्तमानपत्रातल्या पत्रकार बाईंचा फोन आला. नऊ दिवस नऊ कर्तबगार बायकांची माहिती छापणार होते. माय-लेकींचा उद्योग म्हणून यांचं नाव कुणीतरी सुचवलं होतं. दोघींचा एकत्र फोटो पाहिजे, असं त्या बाईंनी सांगितलं. शालननं फोन ठेवला आणि ती आधी शिवानीच्या घरी गेली. हिरवी काठपदराची साडी तिनं स्वतःच्या ट्रंकेतली काढून दिली.

"आणि स्वप्नाली?" शिवानीनं विचारलं.

"तिला तेलाचं काम हाय."

ते खोटं नव्हतं. पत्रकार बाई आल्या तेव्हा आत मंद जाळावर तेल होतं आणि ते सोडून उठता येत नव्हतं. बाहेर सोप्यात शालन आणि शिवानी शेजारी शेजारी बसल्या. बाई चांगल्या होत्या. नुसतं विचारायचं म्हणून विचारत नव्हत्या. "तेल तयार झालं हे कसं ओळखता?" त्यांनी शिवानीला विचारलं.

शिवानी अडखळली. "रंगावरून... म्हणजे वास पण येतो."

"किती वेळ लागतो?"

"आई सांगेल ते."

बाईंनी वही मिटली. "प्रत्यक्ष बघता येईल का?" असं म्हणत त्या उठल्याच, वासाच्या रोखानं आत गेल्या. शालन मागोमाग धावली.

स्वप्नाली चुलीपाशी बसली होती. बाईंनी तोच प्रश्न तिला विचारला. तिनं कापसाची वात वळली, तेलात बुडवली आणि पेटवली. वात तडतडली. "पाणी आहे अजून. पाल्यातलं. हे असंच बाटलीत भरलं तर महिन्याभरात वास येईल. वात शांत जळायला लागली की उतरवायचं." मग तिनं थर्मामीटर दाखवला, माका कुठं सुकवतात, किती दिवस, कढीपत्ता शेवटी का टाकायचा, ते सगळं सांगितलं. बाई उभ्या उभ्या लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी वर बघितलं.

"तुम्हाला बरीच माहिती आहे. तुम्ही कोण?"

 स्वप्नालीनं दारात उभ्या आईकडं बघितलं आणि ती थांबली.  तेवढ्या वेळात शालनला काहीही म्हणता आलं असतं.

"पुतणी हाय माझी," शालन म्हणाली. "थोरल्या दिराची. मदतीला येती."

स्वप्नालीनं जाळ थोडा कमी केला.

"हो," ती बाईंना म्हणाली. "काकींच्या हाताखाली शिकते मी."

दारामागं उभी असलेली शिवानी पदराचा काठ मुठीत चुरगाळत होती. ती पुढं आली नाही. बाहेर फोटो निघाला. चहा झाला. बाई गेल्या.

शिवानी साडी बदलून निघून गेल्यावर शालन आत आली. तेल उतरलं होतं. "धंद्यासाठी बोलावं लागतं गं," ती म्हणाली. "आत्ता खरं सांगितलं असतं तर व्हिडिओ खोटं, पाकिटं खोटी. समदं बुडालं असतं. आणि शेवटी तुझ्याच नावावर हाय की समदं."

"व्हय की. नाव माझंच हाय."

"मग?"

स्वप्नाली कढईवर फडकं बांधत होती. गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "रविवारी तू मला चोळायचीस ना आई, तासभर. घरात दुसरं काम असलं तरी तेवढा वेळ तू उठायची नाहीस. मला वाटायचं, माझे लाड चाललेत."

"लाडच हुतं की."

"तानाबाईला सांगितलंस ते मी ऐकलंय. हात दुखायचं म्हणालीस."

 पोरगी रडली असती, भांडली असती, तर शालनला काहीतरी बोलता आलं असतं. स्वप्नालीनं चुलीभोवतीची जागा पुसली आणि ती आंघोळीला गेली.

पाचव्या माळेला ते छापून आलं. अर्ध्या पानाचा मजकूर, तेलाची आणि वातीची सगळी माहिती नीट, आणि फोटोखाली: शालन चौगुले व कन्या स्वप्नाली. कारखान्यात आकारामच्या टेबलावर चौघांनी चार अंक आणून ठेवले. एक जण म्हणाला, "आकाराम, पोरगी गोरी निघाली की. तुझीच न्हवं?" सगळे हसले. आकारामनं अंक घडी करून खिशात घातला.

घरी येऊन त्यानं तो शालनपुढं उघडला. "ही कोण?"

"फोटोपुरतं..."

"कोण ही? माझी पोरगी दिसंना मला ह्यात."

शालननं अंकाची घडी घालायला घेतली.

"माझा रंग तुला नडला, ते मला पंचवीस वर्षं म्हाईत हाय," आकाराम म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याचं मी कवा काय काढलं न्हाय. पण ते तिला कशाला कळू दिलंस?"

त्यानंतर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं तरी शब्द टाकला. शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात त्याच्या ओळखीचा माणूस होता. गळीत हंगाम सुरू व्हायच्या बेतात होता आणि लॅबमध्ये केमिस्ट पाहिजे होता. दिवाळीनंतर स्वप्नाली गेली. तिथं दोन मुलींबरोबर एका खोलीत राहायला लागली. जाताना तिनं एक वही मांडणीवर ठेवली. त्यात सगळं होतं, वजनं, तापमान, दिवस, काय बिघडलं तर काय करायचं. प्रत्येक पानावर वर माल कसला ते लिहिलेलं, खाली सही नाही.

शालनला वाटलं होतं, पोरीशिवाय सगळं ढासळेल. मग तिला बोलवायला निमित्त मिळेल, तीही येईल. तसं झालं नाही. वही इतकी नीट लिहिलेली होती की शिवानी आणि कामाला ठेवलेली एक बाई मिळून सगळं करू लागल्या. तेल तसंच उतरायचं. उटणं तसंच मऊ. उलट खप वाढला. एकदाही कुणाची तक्रार आली नाही.

शालन फोन करायची. स्वप्नाली उचलायची. एकदाही तिनं फोन टाळला नाही. "जेवलीस का?" "हो." "थंडी लई हाय का तिकडं?" "आहे थोडी." "तुझ्या वडिलांनी स्वेटर पाठवलाय." "मिळाला." एकदा शालन म्हणाली, "त्या दिवशी माझ्या तोंडातनं गेलं ते..." पलीकडून शांतपणे आलं, "आई, कामावरची पाळी सुरू होईल. ठेवते." त्यानंतर शालनचं धाडस झालं नाही.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मालाबद्दल विचारलं की पोरगी बोलते. कोरफडीचा गर किती वेळ बाहेर चालतो, असं तिनं सहज विचारलं, तर स्वप्नाली पाच मिनिटं बोलली. मग शालन रोज काहीतरी विचारू लागली. वही समोर उघडी ठेवून, त्यातलंच. काही दिवसांनी स्वप्नाली म्हणाली, "हे वहीत आहे, आई. बाराव्या पानावर." शालन त्या वेळी बारावं पानच बघत होती.

संक्रांतीच्या सुमारास तिला वहीत नसलेला प्रश्न सुचेना, तेव्हा ती म्हणाली, "तेलाला वास यायलाय."

"कसला?" आवाज एकदम बदलला. "खवट, की कुबट? कधी काढलं होतं? वात बघितली होती का? डबा धुऊन कोरडा केला होता?"

शालन सुचेल ते सांगत गेली. डबा ओला असंल. वात बघितली न्हाय बहुतेक. स्वप्नाली ऐकत होती, मधेच विचारत होती. किती तरी महिन्यांनी दोघी इतकं बोलल्या. शेवटी स्वप्नाली म्हणाली, "आज राहू दे तसंच. उद्या परत वास घे आणि मला सांग."

उद्याचा फोन ठरला म्हणून शालन दिवसभर हलक्या अंगानं वावरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीआधीच तिनं फोन लावला. "न्हाय गेला वास."

"मग ओतून टाक सगळं. कुणाला विकू नको. कुणाच्या डोक्यात खाज उठली तर काय करशील?"

"बरं. टाकतो."

"आणखी काही?"

शालननं आठवून बघितलं. "न्हाय."

"ठेवते मग."

आकाराम पायरीवर बूट घालत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आत येऊन त्यानं डब्याचं झाकण काढलं, वाकून वास घेतला आणि बायकोकडं बघितलं. तेल स्वच्छ होतं, तळ दिसत होता. तो कामावर गेला.

शालननं डबा दोन्ही हातांनी उचलून परसात आणला आणि गटारीत ओतायला सुरुवात केली. निम्मं गेलं तेव्हा शिवानी आली. धावत येऊन तिनं डबा धरला.

"काय करायलाय काकी? चांगलं तेल हाय हे."

"टाकायचं हाय. स्वप्नालीनं सांगितलंय."

शिवानीनं वास घेतला, बोट बुडवून चोळून बघितलं. "काय झालं न्हाय ह्याला," ती म्हणाली, आणि उरलेला डबा ओढत आत घेऊन गेली. शालननं अडवलं नाही. दुपारपर्यंत बाटल्या भरून, शिवानीच्या फोटोची चिठ्ठी चिकटवून झाल्या. ते तेल पुढं विकलंही गेलं. कुणाची तक्रार आली नाही.

शिरोळची पाळी चारला सुटायची. चारला शालन फोन हातात घेऊन पायरीवर बसली. तेल टाकणार, एवढं सकाळीच सांगून झालं होतं. दुसरं काही विचारायला आठवेना. साडेचारला शिवानीनं आतून चहासाठी हाक मारली, तेव्हा ती उठली.